दुपारचा टेबल फॅन

कपाटातल्या अ‍ॅम्प्लिफायरला काकासाहेब घरात कुणाला हात लावू देत नसत. बेलापूरहून परत आले की पाणी प्यायच्या आधी त्यावर तळहात ठेवून गरम लागतोय का, ते बघत. त्यांची सून धनश्री रोज दुपारी, सासूबाई आत झोपल्या की, त्यावर हळू आवाजात गाणी ऐकायची आणि सासरे यायच्या आत कपाट उघडून त्यापुढं टेबल फॅन लावायची.

आज फॅन लावला आणि लाईट गेली. ती पुठ्ठ्यानं वारा घालत राहिली, पण अ‍ॅम्प्लिफायर काही निवेना. दारात मोटारसायकल थांबली. तिनं घाईनं फॅन बाजूला सारून कपाट लावलं.

काकासाहेबांनी कपाट उघडून तळहात टेकवला. "कुनी लावला हुता?"

धनश्रीनं हातातला पुठ्ठा पाठीमागं लपवला.

"मी लावला हुता," आतून सासूबाई आल्या. "काय म्हननं हाय तुमचं?"

काकासाहेबांनी कपाट धाडकन लावलं. मग पाय आपटत मळ्याकडं गेले.

सासूबाई धनश्रीकडं वळल्या. "उद्यापासनं आवाज जरा मोठा ठेव. भिंतीला कान लावून लावून मान अवघडली माझी."