बंद मिसल

“जुनी प्रकरणं समितीनं उघडू नयेत,” उद्धवराव चौथ्यांदा म्हणाले, तेव्हा बयनाबाईनं चहाचा कप आपटलाच.

निर्मल शहराच्या सरकारी कचेरीत सकाळपासून घोळ चालला होता. जिल्ह्याला मानवी हक्क समिती द्यायची, हे ठरलं होतं. तिनं काय पाहावं अन् काय नाही, इथं घोडं अडलं होतं. टेबलाच्या एका बाजूला महसूल खात्याचे आरडीओ साहेब आणि पोलिसांचे डीएसपी. दुसऱ्या बाजूला गावोगावची माणसं, त्यांत नेरडीगोंड्याची बालवाडीताई बयनाबाई. मसुदा लिहायला तिच्याच गावचे निवृत्त गिरदावर, म्हणजे महसूल निरीक्षक, उद्धवराव. तेलुगू, उर्दू, मराठी तिन्ही लिहितात म्हणून लोकांनीच त्यांना आपल्या बाजूनं बसवलं होतं. आणि हा बाबा बोलत होता पोलिसांच्या सोयीचं!

बयनाबाईला एकच कलम हवं होतं. चार वर्षांपूर्वी तेंदूपत्त्याच्या मजुरीसाठी संप केला म्हणून तिच्या पोराला, दौलतला, पोलिसांनी उचललं. जंगलातल्या लोकांना, म्हणजे नक्षल्यांना, भाकरी पुरवतो, असा आळ घातला. दोन दिवसांनी सांगितलं, कडेमच्या पुलावर जीपमधून उडी मारली अन् पुरात वाहून गेला. प्रेत नाही, साधा सदराही नाही. मिसल बंद, फाईलच मिटवून टाकली! असल्या थापेवर शेंबडं पोर तरी विश्वास ठेवेल का? मारूनच टाकला होता तिचा लेक. ते कुणीतरी कबूल केल्याशिवाय तिच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

“काऊन नाई उघडाची?” तिनं विचारलं.

“बंद मिसल बंदच बरी, बाई. नव्यापासून सुरू करू.” उद्धवराव कागदातून मान वर काढत नव्हते.

“तुमचं काय जाते? तुमचा लेक गेला का?”

उद्धवरावांनी कागदावर पुढची ओळ लिहायला घेतली.

चहाच्या सुट्टीत तिनं पाहिलं, व्हरांड्यात उद्धवराव डीएसपींना पान देत होते. तेलुगूत, हळू आवाजात काहीतरी चाललं होतं. बयनाबाईच्या मनात पाल चुकचुकली. चार वर्षांत हा माणूस एकदाही तिच्या दारी आला नव्हता. सारं गाव रडून गेलं, हा नाही. समोरून आली तरी रस्ता बदलायचा. आता कळलं काऊन ते.

बैठक पुन्हा बसताच ती उभी राहिली.

“हा माणूस फितूर हाय. याच्या हातून कागद काढा!”

एकच गलका झाला. उद्धवराव काही बोलायला उठले, पण त्यांचं ऐकतो कोण? गावकऱ्यांतल्या मोतीराम गुरुजींनी त्यांच्या पुढ्यातला मसुदा ओढला आणि मोठ्यानं वाचत कलम लिहिलं: प्रकरण कितीही जुनं असो, समिती ते उघडेल आणि पोलिसांना त्या माणसाचा छडा लावावाच लागेल.

आरडीओंनी डीएसपींकडे पाहिलं. बयनाबाईला वाटलं, आता हा डीएसपी बिथरणार. पण त्यानं मुकाट सही केली.

“ठीक है, अम्मा. पहली मिसल आपके बेटे की,” तो म्हणाला. “हमने नहीं मारा, साबित करेंगे. महाराष्ट्र में भी आदमी भेजते. पंद्रह दिन में ढूँढ के लाते, मुर्दा या जिंदा.”

टाळ्या पडल्या. चार वर्षांत पहिल्यांदा बयनाबाईचा ऊर भरून आला. जिंकली होती ती!

पायऱ्यांशी उद्धवराव भिंतीला टेकून उभे होते. तोंडाचा रंग उडालेला. ती मुद्दाम त्यांच्यासमोर थांबली.

“समजंन आता,” ती म्हणाली, “माह्या लेकराले कोनं मारलं ते.”

उद्धवरावांनी मागंपुढं पाहिलं. मग ते तिच्या कानाशी वाकले.

“कोनीच नाई मारलं, बाई. पोहून निघाला तो. चार सालापासून तिकडं महाराष्ट्रात, किनवटले माह्या बहिनीच्या शेतात काम करून राह्यला. तुमाले सांगाचं नाई, अशी त्यानंच शपथ घातली मले. म्हने, मायचं रडनं थांबलं का पोलिसायले समजंन.”