चतुरांची जोडी

प्रदर्शनात त्याच्या फोटोला पहिलं बक्षीस मिळालं होतं. तळ्यावरच्या चतुर कीटकांची जोडी. इतक्या जवळून टिपलेली, की नराने शेपटीच्या टोकाने मादीची मान कशी पकडलीय, तेही स्पष्ट दिसत होतं.

"मीलन उरकलं तरी तो तिला सोडत नाही," भोवती जमलेल्यांना तो रंगात येऊन सांगत होता. "ती पाण्यात अंडी घालते ना, तेव्हाही शेवटपर्यंत सोबत असतो. या एका फोटोसाठी सकाळपासून गुडघाभर पाण्यात उभा होतो मी. फोनसुद्धा बंद करून ठेवलेला. खिशात नुसता थरथरला असता, तरी जोडी उडाली असती!"

बायको मागेच उभी होती. फोटोखालची तारीख तिने वाचली, पुन्हा वाचली. तेव्हा सातवा महिना होता तिला. त्या सकाळी हॉस्पिटलच्या खाटेवरून तिने त्याला एकवीस वेळा फोन लावला होता, आणि दुपारी, न रडलेलं बाळ एकटीनेच पाहिलं होतं.

लोक पांगल्यावर ती हळूच म्हणाली, "मला तर तू रेंज नव्हती म्हणाला होतास."