सुदृढ गाव

पुराचं पाणी अंगणवाडीच्या वरच्या पायरीला लागलं, तरी बिनचालक बोट समोरून न थांबता पलीकडच्या गावाकडे निघून गेली.

"आमची पाळी कधी?" अंगणवाडीच्या शेवंताताई फोनवर ओरडल्या.

"अशक्त मुलं आधी," बोटी पाठवणाऱ्या यंत्राचा शांत आवाज आला. "तुमची एकोणीसही मुलं सुदृढ आहेत. तुमच्या गावाचा क्रमांक अकरावा."

ताईंच्या मांडीवरच्या तीन वर्षांच्या रुक्मीचा दंड त्यांच्या दोन बोटांत मावत होता. अशक्त मूल नोंदलं की साहेब सगळ्यांदेखत झाडायचे, म्हणून त्या दर महिन्याला वजनं तीन-तीन किलो वाढवून लिहायच्या. त्यावर गावाला बक्षिसाची ढालही मिळाली होती.

"वजनं खोटी आहेत. मीच वाढवून लिहिलीत."

"पुन्हा वजन करा. काटा फोनच्या कॅमेऱ्याला दिसू द्या."

ताईंनी झोळीचा काटा तुळईला टांगला आणि रुक्मीला झोळीत बसवलं. उंबऱ्यावरून पाणी आत आलं. काटा साडेआठवर थांबला.

"क्रमांक नववा. पुढचं मूल."

ताई रुक्मीला उतरवायला वळल्या. शेजारी उभी असलेली तिची आई अजून काट्याकडेच बघत होती.

"ताई," ती म्हणाली, "मागच्याच महिन्यात तुम्ही मला साडेअकरा किलो सांगितलं होतंत."