वरच्या दोनच ओळी

विमा कंपनीत दावे नोंदवणाऱ्या कुंदाताईंना स्क्रीनवरची अक्षरं पुसट दिसायची. ऑफिसात डोळ्यांची तपासणी ठरली. नजर अधू निघाली तर घरी बसवतील, असं त्यांना वाटलं. म्हणून रांगेत पुढच्यांचं ऐकून त्यांनी तक्ता पाठ केला आणि घडाघडा म्हणून दाखवला.

"नजर उत्तम," डॉक्टरांनी लिहिलं.

बाहेर शेजारच्या टेबलावरची फरीदा चष्म्याची चिठ्ठी घेऊन उभी होती. "खर्च कंपनीचा, ताई. स्क्रीनवर काम करणाऱ्यांचा हक्कच आहे तो. तुमचा नंबर किती?"

कुंदाताई मागे वळल्या. परत आत जाऊन उभ्या राहिल्या.

"डॉक्टर, मला वरच्या दोनच ओळी दिसतात."

"कधीपासून?"

"चार वर्षं झाली," त्या म्हणाल्या. हे त्यांनी घरीही कुणाला सांगितलं नव्हतं.