शनिवारच्या फाइली

एकविसावी फाइलही रिकामी निघाली, तेव्हा टेक्निशियन बाईंनी माऊसवरचा हात काढला.

"मार्चमधली उघडा," मास्तर म्हणाले. "ती मी इथे बसून घेतली होती."

तीही रिकामीच होती.

मास्तर म्हणजे कारखान्यातल्या जुन्या सीएनसी मशीनचे, आकड्यांच्या प्रोग्रामवर धातू कापणाऱ्या यंत्राचे, ऑपरेटर. कॉम्प्युटरवरून केबलमधून मशीनकडे प्रोग्राम यायचे, पण ते जसेच्या तसे चालवले तर सगळा माल वाया. मशीन झिजलेलं, कुठे केसभर मागे राहायचं, कुठे केसभर पुढे जायचं. तेरा वर्षं मास्तर त्याची खोड ओळखून एकेक आकडा बदलत आले होते. आणि दर शनिवारी सुटी व्हायच्या आत ते दुरुस्त केलेले प्रोग्राम परत कॉम्प्युटरकडे पाठवून तारीख घालून ठेवत. बाकीचे चिडवायचे, मास्तरांनी मशीनला गृहपाठाला बसवलं.

परवा मशीनची बॅटरी बदलायची होती. ती मशीन चालू ठेवूनच बदलावी लागते, नाहीतर त्याच्या पोटातलं सगळं पुसलं जातं. पण आत हात घालण्याआधी मेन स्विच बंद, ही मास्तरांची जन्माची शिस्त. तीच नडली; मशीनमधले सगळे प्रोग्राम गेले. तरी ते डगमगले नाहीत. सगळं कॉम्प्युटरमध्ये आहे, असं त्यांनी मालकांना छातीठोकपणे सांगितलं. मालक म्हणाले, सोमवारी माल निघाला तर ठीक, नाहीतर हे धूड भंगारात. नवीन मशीन स्वतःचा माणूस घेऊन येणार होतं.

बाई सकाळपासून खपत होत्या. दोन्हीकडचा वेग जुळवला, सेटिंग तपासलं. कॉम्प्युटरकडून मशीनकडे चाचणीचा प्रोग्राम सरळ गेला; तो त्यांनी पुसून टाकला. उलट दिशेने मात्र काही येईना. शेवटी त्यांनी केबलच्या टोकाचं झाकण उघडलं. आत एक बारीक तार मोकळी लोंबत होती. तिला डाख कधी लागलाच नव्हता.

"काका, ही केबल कुणी बनवली?"

"मीच."

बाईंनी शक्य तितक्या हळू आवाजात सांगितलं. जायची तार वेगळी असते, यायची वेगळी. यायची जोडायची राहून गेली होती. कॉम्प्युटर दर शनिवारी नुसती नावं ठेवून घेत होता.

"पण मशीन तर पाठवलं म्हणून दाखवायचं."

"ते पाठवायचंच, काका. पोचलं का, ते आपण कधी पाहिलं नाही."

मास्तर स्टुलावर बसले. काही आठवतंय का, असं बाईंनी विचारलं. त्यांनी कागद ओढला आणि पहिल्या प्रोग्रामचे आकडे लिहायला घेतले. तिसऱ्या ओळीवर पेन थांबलं. एक आकडा लिहिला, खोडला, पुन्हा तोच लिहिला. असे दोनशे चाळीस प्रोग्राम होते. बाईंना त्यांच्याकडे बघवेना. तार जोडायला त्यांना दोन मिनिटं लागली.

साडेपाचचा भोंगा झाला. माणसं डबे उचलून निघाली. शनिवार होता.

मास्तर उठले. कॉम्प्युटर घ्यायला तयार करून ठेवला, मग मशीनपाशी जाऊन बटण दाबलं. आता त्यात काही नाही, हे बाईंच्या ओठांवर आलं होतं. त्या कॉम्प्युटरकडे वळल्या.

पडद्यावर पहिल्यांदाच काहीतरी उमटलं. प्रोग्रामच्या सुरुवातीला आणि शेवटी टक्क्याची एकेक खूण असते. त्या दोन खुणा आल्या होत्या, एकीखाली एक. मध्ये काही नव्हतं.

मास्तरांनी चष्मा सारखा केला, फाइलला आजची तारीख घातली.

"आलं बघा," ते म्हणाले.