आपत्कालीन यंत्रणा

पंढरीनाथला हॅम रेडिओचा भारी नाद. "संकटात फोन मरतात हो, तेव्हा आम्हीच जग वाचवतो," असं तो पेणकरपाड्यात भेटेल त्याला ऐकवायचा.

एका रणरणत्या दुपारी तो सेट घेऊन गच्चीवर बसलेला असताना सोसायटीच्या सेक्रेटरीने न बघताच गच्चीच्या दाराला कुलूप ठोकलं. त्याने बोंब मारली, पण खाली सत्यनारायणाचा लाऊडस्पीकर. टाळकं तापल्यावर त्याने रेडिओवरून मदत मागितली. इंदूरच्या एका हॅमवाल्याने तत्परतेने पीपी नंबरवर, म्हणजे शेजारच्या मेहताभाईंकडे, एसटीडी लावला आणि पंढरीनाथच्या बायकोसाठी निरोप दिला, "गिरिजावहिनींना सांगा, गच्चीचं कुलूप उघडा."

मग रेडिओवर इंदूर बोललं:

"निरोप पोचला. मेहताभाई म्हणाले, 'भाभी तो पूजा में गई है. पंढरीभाई टेरेस से उतरेगा ना, उसको बोल देगा.'"