सोळा माइकचा इंटरफेस

धरणगावच्या भटू बँडमास्तरांनी घरीच स्टुडिओ काढायचं मनावर घेतलं, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद त्यांच्या ऋतिकाला झाला. लग्नांत डीजे शिरल्यापासून वडिलांना असं हुरूपानं बोलताना तिनं पाहिलंच नव्हतं.

जळगावच्या दुकानात अखिलशेठ कॉम्प्युटरची यादी लिहीत होते. "मास्तर, रॅम भरपूर टाकू. क्लॅरिनेट, ट्रम्पेट, ढोल, सगळी वाद्यं आता कॉम्प्युटरमध्येच मिळतात. ऋतिका एकटी अख्खा बँड वाजवेल. माइक कॉम्प्युटरला जोडायला गाण्यापुरता दोन माइकचा इंटरफेस घेतला की झालं."

ऋतिकानं खुशीत मान डोलावली. तिला हेच हवं होतं.

मास्तरांनी यादी दोनदा वाचली. "रॅम कमी करा," ते म्हणाले, "आणि सोळा माइक एकदम लागतील असा इंटरफेस द्या."

"सोळा?" शेठ हसले. "घरच्या स्टुडिओत एवढे कशाला?"

"बाबा, त्या सगळ्या वाद्यांचे आवाज आहेत ना आत," ऋतिका कुजबुजली.

मास्तर तिच्याकडे वळले. मग शेठसमोर जपून बोलणारा तो माणूस नकळत घरच्या बोलीत उतरला.

"बेटा, मना बँडना बठ्ठा सोळा जण आजून जित्ता शेतस."